डेझी मायर्स : फलकावर आधी बाई की आधी दगड?

डेलावेअरकाठ
नमस्कार मंडळी,
फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्या निमित्ताने यंदा मराठी शाळेतल्या १० ते १३ वयाच्या मुलांसाठी चार फलक करायचे आहेत. शाळा पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत भरते. मग लांबचं कोणी शोधण्यापेक्षा याच काउंटीतल्या डेझी मायर्स घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेझी मायर्स व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या, जन्म १९२५. पती बिल दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, नंतर शीतयंत्रांचं काम करत. १३ ऑगस्ट १९५७ ला हे दोघं दोन लहान मुलगे आणि महिन्याभराची मुलगी यांच्यासह लेव्हिटाउनच्या डॉगवुड हॉलो भागात राहायला आले. त्या अफाट वसाहतीतलं हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब. त्याच संध्याकाळी दारासमोर जमाव जमला, दगडांनी दर्शनी खिडकी फुटली. पुढे दोन महिने छळ चालला, तो कोर्टाच्या मनाईहुकमाने थांबला. त्यांनी घर विकलं नाही. १९६१ मध्ये बिल यांना हॅरिसबर्गला नोकरी मिळाली तेव्हाच ते तिथून गेले.

ही हकीकत जिथे जिथे येते तिथे ती खिडकीपासून सुरू होते आणि कोर्टाच्या हुकमापाशी थांबते. बाई स्वतः त्यात कोपऱ्यातच राहतात. मला दंगलीचं नव्हे, त्या मोठ्या मनाच्या बाईचं स्मरण करायचं आहे. चार फलक आहेत, प्रत्येक २ × ३ फुटांचा. काय घ्यावं, काय गाळावं आणि क्रम काय ठेवावा?

खडूफळा
विषय फार चांगला निवडलात. पहिल्या फलकावर घर घ्या, जमाव नको. कारण साधं आहे आणि मुलांना लगेच कळतं : आधीच्या घरात झोपायच्या दोनच खोल्या, त्यात तिसरं मूल झालं, जागा पुरेना. नव्या घरात झोपायच्या तीन खोल्या होत्या. किंमत सुमारे १२ हजार डॉलर. एवढं वाचलं की मूल विचारतंच, 'मग यात लोकांना राग यायचं कारण काय?' हा प्रश्न मुलाच्या तोंडून यायला हवा, फलकावर आपण छापू नये.

मजकुराचं माप : एका फलकावर ८० शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते, कारण वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मुलं तीन-चार फुटांवर उभी राहणार असतील तर मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको.

वीटकाम
फक्त जमाव दाखवलात तर मुलांना वाटेल की त्या गावात वाईट माणसं राहत होती, बस्स. खरी गोची त्याच्या खाली होती. ती थोडी सविस्तर लिहितो, तुम्ही हवं तेवढं घ्या.

लेव्हिटाउन हे नेहमीसारखं हळूहळू वाढलेलं गाव नव्हे. विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने १९५२ पासून शेतजमिनीवर ते उभं केलं, आणि १९५८ पर्यंत १७,३११ घरं झाली. जवळच युनायटेड स्टेट्स स्टीलचा फेअरलेस कारखाना सुरू झाला होता, तेव्हा गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. घराला तळघर नाही, जमिनीवर सरळ काँक्रीटची लादी, आणि त्या लादीतच गरम पाण्याच्या नळ्या. प्रत्येक कामगार एकच काम करत घरामागून घर पुढे सरकायचा, म्हणून घरं स्वस्त आणि भराभर झाली. एका भागातले सगळे रस्ते एकाच अक्षराने सुरू होतात. डॉगवुड हॉलोतल्या रस्त्यांची नावं 'ड'ची.

आता पैसा. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळायचं, बऱ्याचदा सुरुवातीला काहीच रक्कम न भरता. बिल्डरला कर्ज देताना बँक निर्धास्त असायची, कारण मागे सरकारी हमी. या हमीचे नियम ठरवणाऱ्या संघराज्य गृहनिर्माण प्रशासनाच्या १९३८ च्या पुस्तिकेत, वस्तीत 'विसंगत' वंशाची माणसं आली तर जोखीम वाढते असं धरलेलं होतं, आणि ते टाळायला खरेदीखतात वांशिक अटी घालाव्यात असा सल्ला होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. पण बिल्डरने स्वतःहून कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाकारलं तर त्याला अडवणारा कायदा तेव्हा पेनसिल्व्हेनियात नव्हता. लेव्हिट यांनी नेमकं हेच केलं आणि तसं उघड सांगितलंही.

मग मायर्स कुटुंब आत आलं कसं? लेव्हिट यांचा हात फक्त पहिल्या विक्रीपुरता होता. एकदा विकलेलं घर मालकाने पुढे कोणाला द्यावं हे त्यांच्या हातात नव्हतं. मायर्स यांनी घर कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतलं. घर रिकामं पडलं होतं आणि मालकाला विकायचं होतं. एवढीच फट होती.

नकाशावाला
वीटकाम यांच्या प्रतिसादाला एक जोड. अशा फलकांवर हमखास तो लाल-पिवळ्या रंगांचा १९३० च्या दशकातला नकाशा चिकटवला जातो, ज्यात घरकर्जाच्या जोखमीनुसार वस्त्यांना रंग दिलेले असत. इथे तो नको. ते नकाशे जुन्या, वसलेल्या शहरांचे. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे धोक्याचा. लेव्हिटाउनच्या जागी तेव्हा शेतं होती. इथे भेद नकाशाने झाला नाही, विक्रीच्या टेबलावर झाला. नकाशा लावलात तर मुलांच्या डोक्यात चुकीचं कारण बसेल.

अबोली_०७
दोघांनाही धन्यवाद. 'पहिली विक्री / पुढची विक्री' हा भाग मुलांना दोन घरांच्या साध्या चित्राने दाखवता येईल.

बाभूळबन
मला 'मोठ्या मनाची बाई' या चौकटीवरच आक्षेप आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या क्षमेचं कौतुक करणं अन्याय करणाऱ्यांच्या सोयीचं असतं. मुलं असं शिकून जातील की दगड आले तर हसून घ्यावे. डेझी मायर्स यांचं मोठेपण क्षमेत नाही, जागा न सोडण्यात आहे. महिन्याभराचं बाळ मांडीवर, फोनवर धमक्या, दूध आणि पाव घरपोच देणाऱ्यांनी येणं बंद केलेलं, आणि तरी ती बाई त्या घरात संसार मांडते. याला आधी 'धैर्य' म्हणा.

डेलावेअरकाठ
बाभूळबन, धैर्य आहेच, ते गाळणार नाही. पण औदार्य म्हणजे मी नुसती क्षमा धरत नाही. पुढचा सगळा काळ बघा : पेनसिल्व्हेनियातल्याच यॉर्कमध्ये त्या शिक्षिका झाल्या, मग मुख्याध्यापिका. ज्या बाईच्या मुलांना शेजारी राहू द्यायला गाव तयार नव्हतं, तिने आयुष्याची उरलेली कामाची वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात घातली. आणि आठवणींचं पुस्तक लिहिताना मदतीला आलेल्यांची नोंद तितक्याच काळजीने ठेवली. औदार्य म्हणतो ते हे.

खडूफळा
दोन्ही म्हणणी एकाच फलकावर राहू शकतात, फक्त क्रम सांभाळा. १९९९ ची माफी दाखवताना माफी मागणारा आधी, स्वीकारणारी नंतर. डॉगवुड हॉलो ज्यात येतं त्या ब्रिस्टल टाउनशिपचे तेव्हाचे महापौर सॅम फेंटन यांनी त्यांना बोलावून जाहीर माफी मागितली, आणि टाउनशिपच्या इमारतीसमोरच्या नाताळच्या झाडाला 'मिस डेझी' नाव दिलं. वाक्याचा कर्ता 'गाव' असेल तर बाभूळबन यांचा आक्षेप बराचसा मिटतो. 'डेझी यांनी गावाला क्षमा केली' असं लिहू नका. 'गावाने ४२ वर्षांनी माफी मागितली, डेझी ती घ्यायला आल्या' असं लिहा.

बाभूळबन
हे वाक्य मला मान्य आहे. '४२ वर्षांनी' ठळक करा.

हुकूमनामा
कोर्टाचा भाग दोन ओळींत उरकू नका, त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

पहिल्या आठवड्यात स्थानिक पोलिसांना जमाव आवरेना. गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्याचे पोलीस पाठवले. एका पोलीस सार्जंटला दगड लागून तो बेशुद्ध पडला, त्यानंतर बळाचा वापर करून जमाव हटवला गेला. इथे अनेक जण गोष्ट संपवतात. प्रत्यक्षात छळाचं फक्त रूप बदललं. मायर्स यांच्या मागच्या बाजूच्या रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा केला, तिथे गुलामगिरीसाठी यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावला, मोठ्या आवाजात गाणी लावली. शेजारचे वेक्सलर कुटुंब मायर्स यांच्या बाजूने उभं राहिलं होतं, तर त्यांच्या भिंतीवर 'के के के', म्हणजे कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेची आद्याक्षरं, रंगवली. पाठिंबा देणाऱ्यांच्या अंगणात क्रूस जाळले.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ दिसते. मोठ्याने गाणं लावणं, झेंडा लावणं, रस्त्यावरून पुन्हा पुन्हा गाडी नेणं. फौजदारी खटला भरला तर प्रत्येक कृती, प्रत्येक माणूस वेगळा सिद्ध करायचा, तोही आसपासच्याच लोकांतून निवडलेल्या ज्यूरीपुढे. शिक्षा फार तर दंड. म्हणून राज्याचे महाधिवक्ता थॉमस मॅकब्राइड यांनी दिवाणी वाट धरली : नावानिशी माणसं आणि त्यांची 'बेटरमेंट कमिटी' यांच्याविरुद्ध मनाईहुकूम मागितला. त्यात ज्यूरी नसते, न्यायाधीशच ठरवतात. सगळ्या कृत्यांचा मिळून एक हेतू आहे, कुटुंबाला हाकलून लावणं, हे एकदाच दाखवलं की झालं. हुकूम मोडला तर तो कोर्टाचा अवमान, मग तुरुंग. ऑक्टोबर १९५७ मध्ये डॉइल्सटाउनच्या न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, पुढे तो कायम केला. छळ थांबला तो यामुळे.

पाणपोई
हुकूम येईपर्यंतचे दोन महिने कोणी निभावले, तेही फलकावर यायला हवं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची माणसं आणि इतर शेजारी पाळीपाळीने मायर्स यांच्या घरात बसत, म्हणजे कुटुंब कधी एकटं राहू नये. कोणी अंगणातलं गवत कापायचं, कोणी वाणसामान आणून द्यायचं. मायर्स यांचे वकील सॅम्युअल स्नाइप्स हेही क्वेकरच. या कामात शौर्यगीतासारखं काही नाही, सगळी पाळ्या लावण्याची, याद्या करण्याची कामं. मुलांना नेमकं हेच करता येण्यासारखं आहे, म्हणून मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. फलकावर 'मदत केली' असं गोळाबेरीज लिहू नका, काय काय केलं ते लिहा.

अबोली_०७
+१. 'मदत केली' या दोन शब्दांनी आपले निम्मे फलक मरतात.

गोदाकाठ
मराठी शाळा आहे म्हणून सुचवतो. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. ते पारशी खानावळवजा निवासात नाव बदलून राहिले. कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढे कित्येक तास ते कामाठी बागेत बसून होते, रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. आणि तेव्हा ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. आपल्या मुलांना हा धागा दिसायला हवा.

वीटकाम
गोदाकाठ, प्रसंग खरा आणि जबरदस्त आहे, पण मायर्स यांच्या फलकावर तो घालू नये असं मला वाटतं. वंशभेद आणि जातिभेद यांची घडण वेगळी. ८० शब्दांत दोन्ही कोंबले की मूल म्हणतं 'दोन्ही सारखंच', आणि कुठलंच नीट कळत नाही. बडोद्यात तर भाड्याच्या खोलीचा प्रश्न होता. इथे सरकारी हमी, बँक आणि बिल्डर अशी अख्खी साखळी होती.

गोदाकाठ
साखळी वेगळी, हे कबूल. पण 'शेजारी कोण राहू शकतो' हे शेजाऱ्यांनी काठ्या-दगड घेऊन ठरवायचं, हे दोन्हीकडे एकच. आणि भारतात हा प्रश्न जुना झालेला नाही. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने अशा गोष्टीला बंदी आली. मुंबईत घर शोधताना आडनाव आणि जेवण का विचारतात, हे मुलं सुट्टीत आजोळी गेली की ऐकतातच.

डेलावेअरकाठ
गोदाकाठ, वीटकाम, दोघांचं पटतं. बडोद्याचा प्रसंग फलकावर न घेता वर्गातल्या चर्चेसाठी शिक्षकांच्या टिपणात घेतो, स्वतंत्र तासाला.

तराजू
एक मुद्दा राहतोय. विरोध करणाऱ्यांपैकी कित्येक जण म्हणत की आमचा त्या माणसावर राग नाही, पण तो आला की आमच्या घराची किंमत पडते. मुलं हे घरी सांगतील आणि एखादा पालक म्हणेल, 'त्यात थोडं तथ्य असेल ना?' उत्तर तयार ठेवा.

किंमत पडायची ती घाबरून विकण्याने. कृष्णवर्णीय कुटुंब आलं की दलाल घरोघर फिरून सांगायचे, आता विका, उद्या निम्मे येतील. दहा जणांनी एकदम घरं बाजारात आणली की भाव पडणारच. तीच घरं दलाल पडत्या भावात घ्यायचे आणि ज्यांना दुसरीकडे कोणी घर देत नाही अशा कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावात विकायचे. दोन्हीकडून नफा. म्हणजे भाव पाडणारा नवा शेजारी नव्हे, घबराट. १९६० मध्ये लुइजी लॉरेंटी यांनी अनेक शहरांतल्या घरांच्या किमती तपासल्या, आणि कृष्णवर्णीय राहायला आल्याने किमती पडतातच हे त्यांना आढळलं नाही.

नकाशावाला
याला जोडून : लेव्हिट यांची तिसरी मोठी वसाहत न्यू जर्सीत विलिंगबरोला. तिथे १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला वंशावरून विक्री नाकारता येणार नाही असं ठरवलं. पेनसिल्व्हेनियाने १९६१ मध्ये आपल्या भेदभावविरोधी कायद्यात घरांचा समावेश केला. मायर्स कुटुंब तिथून गेलं तेच हे वर्ष. लेव्हिटाउनमध्ये दुसरं कृष्णवर्णीय कुटुंब मात्र कायद्याची वाट न बघता १९५८ मध्येच आलं होतं.

छायाप्रकाश
छायाचित्रांबद्दल. आंतरजालावर मिळणारी या घटनेची चित्रं बहुतेक ६००-८०० पिक्सेल रुंदीची आहेत. ८ इंच रुंद छापायचं तर २४०० पिक्सेल हवेत, नाहीतर चेहरे चौकोनी ठिपक्यांचे दिसतात. फिलाडेल्फियाच्या जुन्या वर्तमानपत्रांचा छायाचित्रसंग्रह टेंपल विद्यापीठात आहे. तिथे मोठी प्रत आणि वापराची परवानगी दोन्ही एकाच अर्जात मागा. अर्जात प्रदर्शनाची जागा, तारखा, छापील आकार आणि प्रवेश मोफत आहे हे लिहा. मधे निदान महिनाभर ठेवा.

निवड करताना जमावाचं एकच चित्र, तेही लहान. डेझी यांचं मोठं. डोळा आधी मोठ्या चित्राकडे जातो. बाई आधी की दगड आधी हा तुमचा प्रश्न मजकुरापेक्षा चित्राच्या आकारानेच सुटेल.

घराचा क्रमांक मात्र छापू नका. वाचून मुलं, पालक गाडी घेऊन बघायला जातील, आणि तिथे आज कोणीतरी राहतं.

खडूफळा
शिव्यांबद्दलही ठरवून टाका. जमाव काय ओरडत होता ते शब्दशः देऊ नका. 'वंशावरून शिव्या दिल्या' पुरे. तो शब्द एकदा भिंतीवर लागला की मुलांना तेवढाच लक्षात राहतो.

डेलावेअरकाठ
सगळ्यांच्या प्रतिसादांवरून आता असं ठरवतोय.

पहिला फलक : डेझी यांचं मोठं छायाचित्र, रिचमंड, शिक्षण, लग्न, तीन मुलं, अपुरी जागा, नवं घर. दुसरा : दोन घरांचं चित्र, पहिली विक्री आणि पुढची विक्री, लेव्हिट यांचा नकार, मग जमावाचं लहान चित्र. तिसरा अर्धा पाणपोई यांच्या माणसांना, अर्धा मनाईहुकमाला. चौथा : यॉर्कमधली शाळा, १९९९ ची माफी कर्ता बदलून, २००५ मध्ये 'स्टिक्स अँड स्टोन्स' या आठवणींचं प्रकाशन, ५ डिसेंबर २०११ ला ८६ व्या वर्षी निधन.

काळाचा संदर्भ म्हणून दुसऱ्या फलकावर तळाशी एक ओळ : त्याच सप्टेंबरात आर्कान्सासमधल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेलं. बातम्यांत तेच राहिलं, म्हणून उत्तरेतलं हे घर लोकांच्या विस्मरणात गेलं असावं असं मला वाटतं.

बाभूळबन
क्रम आवडला. 'उत्तरेतल्या रोझा पार्क्स' (पार्क्स म्हणजे दक्षिणेत बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय बाई) हे त्यांना मिळालेलं बिरुद शीर्षकात घेणार असाल तर घेऊ नका. त्यांना त्यांच्याच नावाने येऊ द्या.

डेलावेअरकाठ
शीर्षक फक्त 'डेझी मायर्स' एवढंच आहे.

छायाप्रकाश
फलक टांगताना मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या, १० वर्षांच्या मुलांच्या नजरेला तो बरा पडतो. आणि चकचकीत कागद नको, वर्गातल्या नळीदिव्यांची तिरीप पडून अक्षरं दिसत नाहीत. मॅट कागद, मागे ५ मिलिमीटरचा फोम बोर्ड.